ऑस्टिनचं डोकं

सानगडी
ता. ३ डिसेंबर १९७८

रुखमा,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने ते तुझ्या सासूच्या, आत्याबाईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही, पण आसगावहून कोण लिहिणार ते तिला बरोबर कळतं. दुपारभर कार्ड चुलीजवळच्या फळीवर होतं. माझं जेवण झाल्यावर म्हणाली, "तिकडचं काई तरी आलं हाये." तुझं नाव घेतलं नाही. या घरात ते अजून कोणी घेत नाही.

तू चार ओळी लिहिल्यास. तीन ओळी खुशालीच्या, त्या मी एकदा वाचल्या. चौथी पुन्हा पुन्हा वाचली. "मामाजी, तुम्ही इंजिनवाले आहात. त्या दिवशी गाडीचं डोकं उघडं नसतं तर गाडी भंडाऱ्याला पोचली असती का, एवढंच मला सांगा."

तुझा भाऊ दादाजी मागच्या बाजारी आला होता. सिहोऱ्याचं स्थळ आहे म्हणाला. जागेश्वर नावाचा माणूस, धानाची शेती, पहिली बायको वारलेली. तुझ्यापुढे गोष्ट काढली की तू हो म्हणत नाहीस आणि नाहीही म्हणत नाहीस, असं तो सांगत होता. "मामाजीचं पत्र येऊ द्या, एवढंच बोलते, बाप्पा. काय पत्र, कायचं पत्र, आमाले काई समजत नाही." मलाही तेव्हा समजलं नाही. आता समजलं.

बाई, मला त्या दिवसाचं जेवढं माहीत आहे तेवढं तुलाही माहीत आहे. धानाची रोवणी चालू होती. बांधावर माझ्या पोराला, इश्वरला पान लागलं. पान म्हणायचं, साप म्हणायचं नाही, म्हणून पानच लिहितो. विषावरची सुई भंडाऱ्यालाच होती. ऑस्टिन दारात उभी होती, बॉनेट वर केलेलं, इंजिनचं डोकं, म्हणजे वरचा भाग, उतरवून शेडात ठेवलेलं. बैलबंडीने साकोलीपर्यंत नेलं, तिथून ट्रक मिळाला. लाखनीच्या अलीकडे ट्रकवाल्याने ट्रक बाजूला घेतला आणि परत सानगडीकडे वळवला.

आणि गाडी उघडी का होती, तर तू थट्टेने म्हणाली होतीस, "येवढा धूर सोडते, आसगावच्या बाया खोकत पळतीन. मले माहेरी न्यायच्या आंधी हिले नीट करा." सगळे हसलो होतो. तुझी आत्याबाईही हसली होती. तेरवीच्या दिवशी मात्र तिने पंगतीसमोर तुला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दादाजी तुला घेऊन गेला.

डोकं इश्वरने एकट्याने उतरवलं होतं. मी तेव्हा राइस मिलच्या इंजिनवर होतो. आत काय निघालं ते मी पाहिलं नाही, आणि नंतर गाडीवर ताडपत्री टाकली ती आजपर्यंत काढली नाही. म्हणून अंदाजाने काही सांगत नाही. ताडपत्री काढतो, डोकं पाहतो, मग लिहितो. तोवर जेवत जा.

टिकाराम

—

सानगडी
ता. २४ डिसेंबर १९७८

रुखमा,

ताडपत्री काढली. मागच्या सीटवर उंदरांनी घर केलं होतं, ते साफ केलं. डोकं शेडात दोन ओंडक्यांवर तसंच होतं. डोक्याखालचं ग्यासकेट खिळ्याला टांगलेलं होतं. व्हॉल्व मात्र कुठे दिसेनात.

तू पाहिलं असशील, इश्वर व्हॉल्व काढले की सुपात ओळीने मांडायचा. पहिल्या सिलिंडरचे पहिले, दुसऱ्याचे त्याच्या शेजारी. तसंच करावं लागतं. प्रत्येक व्हॉल्व आपल्या जागी बसून बसून तिथल्यापुरता घासलेला असतो, दुसऱ्याच्या जागी तो नीट बसत नाही. सूपच नव्हतं, म्हणून घरात विचारलं.

"सूप? माह्यं सूप होतं ते. दिवाळीच्या सफाईत काढून आणलं."

"अन् त्यातलं सामान?"

आत्याबाई आत गेली आणि पितळेचा डबा घेऊन आली. लाडू ठेवायचा तो. आत आठही व्हॉल्व, फडक्यात गुंडाळलेले, देवाच्या भांड्यांसारखे चकचकीत.

"राखेनं घासले, मंग चिंच लावली," ती म्हणाली. "काळे कुळकुळीत झाले होते. पोराच्या हातचं सामान, तसंच मळकं ठेवू का?"

मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. तुला सांगतो, व्हॉल्ववरची काजळी म्हणजे आमच्यासाठी नाडी असते. सुकी काळी असेल तर एक रोग, तेलकट असेल तर दुसरा, राखाडी असेल तर तिसरा. कोणता सिलिंडर कसा जळत होता ते तीवरून कळतं. तू जे विचारलंस त्याचं निम्मं उत्तर त्या काजळीत होतं आणि ते तिने चिंचेने धुऊन काढलं. ओळही गेली. आता आठही सारखे.

"चुकलं का काई?" तिने विचारलं.

"नाही. लख्ख केलेस."

"मंग तोंड कायले असं केलं?"

"उन्हानं."

शेडात ऊन येत नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि भाकरी टाकायला गेली.

तर उत्तराला उशीर लागेल. एक एक व्हॉल्व प्रत्येक जागेत घालून पाहावा लागेल, कोणता कुणाचा ते हाताला कळतं, पण वेळ खातो. घाई करणार नाही. तूही दादाजीला घाई करू देऊ नकोस.

टिकाराम

—

सानगडी
ता. १९ जानेवारी १९७९

रुखमा,

काल गोंदियाला जाऊन आलो. डोक्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून खालून सिगारेटच्या पाकिटातला कागद सरकवून पाहिला होता, एका कोपऱ्यात तो आत गेला. म्हणजे तेवढं वाकलेलं. तिथे एका लेथवाल्याकडून फेस मारून सपाट करून घेतलं.

एस.टी.त डोकं पोत्यात घालून मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, बोकड कापला का? मुंडकं घेऊन जाऊन राहिले?"

"इंजिनचं हाये."

"मंग धड कुठी हाये?"

"घरी उभं हाये."

लोक हसले. मीही हसलो असेन. त्या पोत्याचं वजन मांडीवर बरं वाटत होतं, एवढं आठवतं. उतरताना शेजारचा माणूस म्हणाला, द्या मी धरतो, तर मी दिलं नाही.

दादाजी पुन्हा येऊन गेला. सिहोऱ्याची मंडळी थांबायला तयार आहेत, पण किती थांबतील ते सांगता येत नाही म्हणाला. मी त्याला शेडात नेऊन डोकं दाखवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, तुमी दोघं सून-सासरे मिळून पागल तं नाही झाले?" चांगला मुलगा आहे. त्याच्यावर रागावू नकोस.

इकडे थंडी आहे. तुझी आत्याबाई खोकते, पण काढा घेत नाही.

टिकाराम

—

सानगडी
ता. ११ फेब्रुवारी १९७९

रुखमा,

आज मोठं लिहितो.

व्हॉल्व घासायचं काम दोन हातांचं आहे आणि तिसरा हात डोकं दाबून धरायला लागतो. व्हॉल्वच्या कडेला बारीक रेतीची पेस्ट लावायची, त्याच्या पाठीवर रबरी टोपीची काडी चिकटवायची आणि ती काडी दोन तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची. इकडे, तिकडे. मधून उचलायचं, थोडं वळवायचं, पुन्हा फिरवायचं. आधी कराकरा आवाज येतो. मग तो बारीक होतो. मग नुसती सळसळ राहते. तेव्हा थांबायचं. पुसून पाहिलं की कडेला राखी रंगाची सारखी रेघ दिसते, कुठे तुटलेली नाही अशी. अशा आठ रेघा काढायच्या.

इश्वर असताना एक धरायचा, एक फिरवायचा. या वेळी मी एकटाच ओंडक्याला डोकं टेकवून खटपट करत होतो. आत्याबाई दाराशी आली, थोडा वेळ पाहिलं, आणि बसली समोर. पदर खोचला, दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं.

"फिरवा."

मी फिरवलं. ती म्हणाली, "ताक घुसळल्यावानी हाये हे." पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. दुपारची भांडी झाली की येऊन बसायची. आवाज बारीक झाला की माझ्या आधी तीच म्हणायची, "झालं हे. पुढचं घ्या." तिच्या कानाला माझ्यापेक्षा लवकर कळायला लागलं.

आता तुझं उत्तर.

काजळी गेली तरी लोखंड होतं. तिसऱ्या सिलिंडरचा धूर जाण्याचा व्हॉल्व कडेला जळालेला निघाला. केवढा, तर तांदळाच्या कणीएवढा खळगा. कोणत्या जागेचा ते सापडलं, कारण व्हॉल्वच्या बसायच्या जागेवरही तेवढाच डाग होता. व्हॉल्व ज्या नळीत वरखाली होतात त्या नळ्या सैल झाल्या होत्या, तिथून तेल खाली उतरून जळत होतं. धूर तो. ग्यासकेट उजेडात धरून पाहिलं, चारही गोल शाबूत, पाण्याचा डाग कुठे नाही. कोपऱ्यात डोकं वाकलं होतं, पण तेवढ्याने गाडी थांबत नाही. असल्या इंजिनांवर मी तरुणपणी रायपूरपर्यंत गेलेलो आहे.

गाडी गेली असती, रुखमा. चढावर कुथली असती, धुराने मागचा रस्ता दिसला नसता, पण भंडाऱ्याला पोचली असती.

इश्वर पोचला असता की नाही ते या लोखंडात दिसत नाही. मी पाहिलं. डोकं उलटंपालटं करून पाहिलं. ते त्यात नाही.

दुसरी गोष्ट, तीही तेवढीच खरी. रोवणीच्या दिवसांत लग्नं नसतात, गाडीला भाडं नसतं, रस्त्यात चिखल असतो. म्हणून मोटारवाले रोवणीतच इंजिन उघडतात. तू या घरात यायच्या आधीही इश्वर दर रोवणीला गाडीचं काही ना काही उघडून बसायचा. एका वर्षी गिअर, एका वर्षी मागचा धुरा. तू थट्टा केली नसतीस तरी त्या आठवड्यात ते डोकं उघडंच असतं. तुझ्या बोलण्याने उघडलं असं तुला वाटतं, तुझ्या आत्याबाईला वाटतं, पण मोटारवाल्याला विचारशील तर तो म्हणेल, धूर दिसला, रोवणी आली, उघडलं.

हे मी तुला समजूत घालायला लिहीत नाही. समजूत घालायची असती तर गाडी गेली नसती असं लिहिलं असतं. सोपं होतं ते.

आत्याबाईला मी तेच सांगितलं. शेवटचा व्हॉल्व चालला होता. तिने डोकं धरून ठेवलेलं, माझ्याकडे न पाहता विचारलं, "मंग, गेली असती का?"

"नाही."

"कुठवर?"

"तलावाच्या पाळीवरबी चढली नसती."

मी पुन्हा काडी फिरवायला लागलो. थोड्या वेळाने म्हणाली, "झालं हे." हात धुऊन आत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "रुखमाले काढ्याचा मसाला धाडा कोणासंगं. थंडीत तिची छाती भरते." नाव घेतलं. मी ताटात पाहत जेवत राहिलो.

तिला खोटं आणि तुला खरं, असं का, ते विचारू नकोस. तू कागदावर लिहून विचारलंस, मला लिहून खोटं सांगता आलं नाही. आणि तिला उरलेले दिवस या दारात काढायचे आहेत, जिथे ती गाडी उभी असते. तुला इथे काढायचे नाहीत. काढू नकोस.

काय ते तू ठरव.

टिकाराम

—

सानगडी
ता. ६ मार्च १९७९

रुखमा,

दादाजी येऊन सांगून गेला की तू हो म्हणालीस. त्याच्याबरोबर तू दिलेली चिठ्ठीही वाचली. "गाडी सुरू झाली की कळवा", एवढंच. मग कळवतो, सुरू झाली.

डोकं बसवताना नट मधल्यापासून कसायला घ्यायचे आणि बाहेर जायचं, नाहीतर पुन्हा वाकतं. तसे कसले. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा इंजिन एकदा शिंकलं आणि गप्प. दुसऱ्यांदाही तेच. मग लागलं. आत्याबाई हातात पीठ घेऊन बाहेर आली. इंजिन चालू राहिलं तेवढा वेळ उभी होती, बंद केलं तशी आत गेली. पीठ तसंच हातात. मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं असं वाटलं, पण नाही वाटलं.

एक विचारतो. आपल्याकडे पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, अंधारात लावतात. पाटाच्या बाईला मागच्या दाराने नेतात, वाजंत्री नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत सवाशिणीने तिचं तोंड पाहायचं नाही. अशी रीत आहे आणि लोक ती पाळतात. मला वाटतं, तुला आसगावहून सिहोऱ्याला मी न्यावं. दिवसा, याच गाडीतून, पुढच्या रस्त्याने. सिहोऱ्याच्या मंडळींना दादाजी विचारून आला आहे, त्यांची ना नाही.

पण इश्वरच्या गाडीत बसणं तुला जड जाईल, हेही मला कळतं. नको वाटलं तर नको असं लिही. मी एस.टी.ने येऊन तुला पोचवीन. त्यात काही कमीपणा नाही.

टिकाराम

—

सानगडी
ता. २ मे १९७९

रुखमा,

आम्ही घरी सुखरूप आलो. तुला लिहायला दोन दिवस गेले, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. गाडीत तू होतीस, मी होतो, ती होती. सांगण्यासारखं त्यात काही उरत नाही. पण काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत.

पहिली. तुझी आत्याबाई येणार हे मला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मी हँडल मारायला गेलो तर मागच्या सीटवर बसलेली, मांडीवर गाठोडं.

"कुठी?"

"आसगावले."

"सवाशीण हायेस तू. आज तिचं तोंड पाहता येत नाही तुले."

"माह्ये डोळे हायेत. माह्यं मी पाहीन. तुमी गाडी चालवा."

पुढचं तू पाहिलंस. गल्लीतल्या बायांनी दारं ओढून घेतली, आणि ही खाली उतरून तुझ्यासमोर उभी राहिली. तुझी हनुवटी वर केली. मी रेडिएटरमध्ये पाणी घालत होतो. पाणी भरलेलं होतं, वरून वाहत होतं, तरी घालत होतो.

दुसरी गोष्ट सिहोऱ्याच्या तुझ्या अंगणातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं तेव्हा तुमच्याकडची माणसं घाबरली, गाडी बिघडली म्हणून. बिघडली नव्हती. नवं बसवलेलं डोकं एकदा लांब चालून तापलं आणि थंड झालं की नट थोडे सैल पडतात, ते पुन्हा कसावे लागतात. तुझ्या जागेश्वरने पाना धरला. त्याला पाना धरता येत नाही, उलटा धरतो. मी म्हटलं, "जावई, ते चमचा नव्हे." तो हसला आणि सुलटा धरला. सगळे नट होईपर्यंत धूळ लागलेल्या धोतराने तिथेच उभा होता. मला आवडला.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

परतताना तुमसर गेलं, भंडारा आला. पुलावरून नदी ओलांडली आणि साकोलीच्या रस्त्याला लागलो. त्या दिवशी तो ट्रक समोरून येणार होता तो हा रस्ता. गाडी चांगली चालत होती. आत्याबाई आता पुढे माझ्या शेजारी होती. बराच वेळ बाहेर पाहत होती, मग म्हणाली, "येवढाच रस्ता होता?"

"येवढाच."

लाखनी आली आणि गेली. पुढे ट्रक वळला ती जागा येते. मी गाडी हळू केली नाही. तिनेही तिकडे पाहिलं नाही. जागा मागे पडल्यावर म्हणाली, "गाडी गेली असती."

मी गिअर बदलला.

"तलावाच्या पाळीवर चढली नसती म्हणे. चाळीस साल झाले तुमच्यासंगं राहून. तुमी त्या दिवशी 'नाही' म्हटलं अन् काडी फिरवाची थांबली. मंग पुन्हा फिरवाले लागले. मी त्याच दिवशी समजली."

"मंग कायले आली तू आसगावले?" मी विचारलं.

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "गाडी गेली असती तं असती. पोरीचं काय त्यात? तिले एकटीले कसं धाडता?"

मग गाठोडं सोडून मुरमुरे काढले. तू बांधून दिलेले. अर्धे मला दिले, अर्धे तिने खाल्ले. साकोलीपर्यंत आम्ही ते खात आलो.

हे तुला कळवा असं तिने मला सांगितलेलं नाही. मी कळवतो आहे.

टिकाराम